विमान वेळेवर होते, मग प्रवासी उशिरा का पोहोचला?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे धडाधड रद्द होऊ लागली, तेव्हा बातम्यांमध्ये दोन आकडे शेजारी शेजारी दिसत होते. एक म्हणजे रद्द झालेल्या उड्डाणांची संख्या. दुसरा म्हणजे कंपनीचा वक्तशीरपणा, जो त्या दिवसांत दहा टक्क्यांच्याही खाली गेला. हे दोन आकडे एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात, पण तसे नाही. रद्द झालेले विमान वक्तशीरपणाच्या हिशेबात धरायचे की नाही, हे मोजणाऱ्याच्या नियमावर ठरते. नियम बदलला की तोच दिवस बरा किंवा भयंकर दिसतो. एरवी, सारे सुरळीत चालू असताना, ‘आमची इतके टक्के विमाने वेळेवर’ अशी जाहिरात वाचून आपण तिकीट काढतो. म्हणून ही टक्केवारी कशी निघते, तिच्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे प्रवाशाला माहीत असायला हवे.

‘निघाले’ कधी म्हणायचे?

प्रत्येक उड्डाणात चार क्षण नोंदले जातात. विमान गेटवरून हलते, चाके जमीन सोडतात, चाके पुन्हा जमिनीला लागतात आणि विमान गेटवर येऊन थांबते. बहुतेक प्रवासी विमानांत ही नोंद आपोआप होते. दारे बंद होऊन पार्किंग ब्रेक सुटला की पहिली वेळ पडते आणि ती संदेशयंत्रणेवरून कंपनीच्या नियंत्रण कक्षात जाते.

तिकिटावरची सुटण्याची वेळ पहिल्या क्षणाची असते आणि पोहोचण्याची वेळ चौथ्या क्षणाची. या दोहोंमधल्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. सकाळी दहाचे विमान दहा वाजून आठ मिनिटांनी गेटवरून मागे ढकलले आणि धावपट्टीच्या रांगेत पाऊण तास उभे राहिले, तरी सुटण्याच्या हिशेबात ते वेळेवरच असते. आत बसलेल्यांचा जीव कितीही मेटाकुटीला आलेला असो. उलट बाजूने, चाके टेकली म्हणजे पोहोचलो असेही नाही. समोर गेट मोकळे नसेल तर घड्याळ चालूच राहते.

त्यामुळे कोणताही वक्तशीरपणाचा आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, हा सुटण्याचा आहे की पोहोचण्याचा? प्रवाशाला पोहोचण्याशी मतलब असतो. कंपनीला बऱ्याचदा सुटण्याचा आकडा सोयीचा असतो, कारण तो तिच्या हातात जास्त असतो.

पंधरा मिनिटांची सूट

जगभर रूढ मोजमाप असे आहे की ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आतले विमान वेळेवर. अमेरिकेत नेमकेपणाने बोलतात, तिथे चौदा मिनिटे एकोणसाठ सेकंद वेळेवर आणि पंधरा पूर्ण झाली की उशीर. ही सूट काढून टाकावी असे अनेकांना वाटते. मला ती रास्त वाटते. एक व्हीलचेअर उशिरा आली किंवा विमानात न चढलेल्या प्रवाशाची बॅग पोटातून शोधून उतरवावी लागली, तर पाच-दहा मिनिटे जातात आणि ती हवेत भरूनही निघतात.

खरी अडचण या रेषेने जे झाकले जाते त्यात आहे. सोळा मिनिटांचा उशीर आणि चार तासांचा उशीर हिशेबात एकसारखे. दोन कंपन्यांचा वक्तशीरपणा ऐंशी टक्के असेल, पण एकीची उरलेली वीस विमाने अर्ध्या तासाने येत असतील आणि दुसरीची तीन तासांनी, तर प्रवाशासाठी त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून टक्केवारीच्या जोडीला किती विमाने एका तासाहून आणि किती तीन तासांहून जास्त रखडली, हेही छापायला हवे.

भागाकार कशाने केला?

एक हिशेब करून पाहू. एका दिवसासाठी १०० उड्डाणे ठरली होती. त्यातली २० रद्द झाली. उरलेल्या ८० पैकी ७२ वेळेवर गेली. उडालेल्या विमानांनी भागले तर वक्तशीरपणा ९० टक्के येतो. ठरलेल्या विमानांनी भागले तर ७२ टक्के. दोन्ही आकडे खरे, पण पहिल्यात वीस विमानांचे सुमारे साडेतीन हजार प्रवासी कुठेच दिसत नाहीत.

अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या ग्राहक अहवालात रद्द झालेले आणि दुसरीकडे वळवलेले विमान वेळेवर न आलेल्यांत धरतात. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दरमहा अहवाल काढते. त्यात रद्द उड्डाणांचे प्रमाण वेगळ्या तक्त्यात असते आणि वक्तशीरपणा निवडक मोठ्या विमानतळांवरचा मोजलेला असतो. कोल्हापूर, नांदेड किंवा जळगावच्या प्रवाशाला त्या आकड्यात आपले विमानतळ सापडत नाही. तक्ते दोन असले तरी वाचताना ते एकत्र वाचायचे. खूप रखडलेले विमान रद्द करून टाकले की वक्तशीरपणाचा आकडा सुधारतो, ही पळवाट एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही.

एका धुक्याचे चार उशीर

आता मूळ मुद्दा. उशीर येतो कुठून? कंपन्या प्रत्येक उशिराला दोन अंकी सांकेतिक क्रमांक देतात. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, ठरवलेली ही यादी आहे. ३६ म्हणजे इंधन भरण्यातला उशीर, ४१ म्हणजे विमानातला बिघाड, ७१ म्हणजे सुटण्याच्या ठिकाणचे खराब हवामान, ८१ म्हणजे वाटेतल्या हवाई क्षेत्रातली गर्दी. आणि ९३ म्हणजे हेच विमान आधीच्या फेरीवरून उशिरा आले. या शेवटच्या प्रकाराला मागून आलेला उशीर म्हणू. डीजीसीएच्या मासिक अहवालांत बहुतेक वेळा सर्वांत मोठा वाटा याचाच असतो. युरोपातही एकूण उशिराचा जवळपास निम्मा भाग मागून आलेलाच भरतो.

एकाच मंगल कार्यालयात सकाळी मुंज, दुपारी लग्न आणि संध्याकाळी स्वागत समारंभ ठेवले असतील, तर मुंजीचे भटजी उशिरा आल्याचा फटका संध्याकाळच्या पाहुण्यांना बसतो. त्यांना भटजींबद्दल काही माहीतही नसते. विमानाचा दिवस असाच बांधलेला असतो.

एका काल्पनिक ए३२० विमानाचे वेळापत्रक घेऊ. पुण्याहून सकाळी ६:०० ला निघून दिल्लीला ८:१०. दिल्लीहून ८:४५ ला निघून मुंबईला ११:००. मुंबईहून ११:३५ ला निघून नागपूरला १३:०५. नागपूरहून १३:४० ला निघून मुंबईला १५:१५. मुंबईहून १५:५० ला निघून कोचीला १७:५०. प्रत्येक ठिकाणी दोन फेऱ्यांमध्ये ३५ मिनिटे. त्यात प्रवासी उतरतात, बॅगा निघतात, सफाई होते, इंधन भरले जाते, वैमानिक विमानाभोवती फिरून तपासणी करतात, नवे प्रवासी चढतात, वजनाचा तक्ता वैमानिकाच्या हाती येतो आणि दारे लागतात. हे सगळे घाई करून ३० मिनिटांत होते असे धरू. म्हणजे दर थांब्यावर पाच मिनिटे शिल्लक.

दिल्लीत धुके पडले. विमान ८:४५ ऐवजी ९:४० ला निघाले, ५५ मिनिटे उशिरा. वेळापत्रकात धरलेली दहा मिनिटे वाटेत वाचवून ते ११:४५ ला मुंबईत आले. अर्ध्या तासात सगळे उरकून १२:१५ ला निघाले, ४० मिनिटे उशिरा. वाटेत आणखी पाच मिनिटे वाचली आणि १३:४० ला नागपूर. तिथून १४:१० ला निघाले, उशीर ३० मिनिटे. पुन्हा पाच वाचवून १५:४० ला मुंबईत. कोचीसाठी १६:१० ला निघाले, उशीर २० मिनिटे.

धुके एकदाच पडले, पण चार उड्डाणे उशिरा सुटली. पहिले ५५ मिनिटांचे खाते हवामानाच्या नावावर गेले. नंतरचे ४०, ३० आणि २०, म्हणजे एकूण ९० मिनिटे, ९३ क्रमांकाच्या नावावर. दिवसभराच्या १४५ मिनिटांपैकी ६२ टक्के उशीर मागून आलेला ठरला आणि मूळ कारण त्या आकड्यात दिसेनासे झाले. नागपुरातल्या प्रवाशाला ‘विमान उशिरा आले म्हणून’ इतकेच सांगतात, आणि बाहेर लख्ख ऊन असताना त्याला ते खोटे वाटते.

यात मी सगळे सुरळीत गेले असे धरले आहे. मुंबईत वर घिरट्या घालाव्या लागल्या तर वाचवलेली मिनिटे तिथेच संपतात आणि उशीर घटण्याऐवजी वाढतो. शिवाय विमान आणि कर्मचारी दिवसभर एकत्र फिरत नाहीत. वैमानिक मुंबईत उतरून हैदराबादच्या विमानावर जायचे असतील आणि केबिन कर्मचारी तिसऱ्याच विमानावर, तर एक उशीर तीन फांद्यांत पसरतो. त्यातल्या कुणाची कामाच्या तासांची मर्यादा संपली तर नवा माणूस येईपर्यंत विमान हलू शकत नाही. ही मर्यादा सुरक्षिततेसाठी आहे आणि तिच्यात सूट मागणे चुकीचे आहे.

म्हणूनच दिवसातले पहिले विमान सहसा सर्वांत विश्वासाचे असते. रात्री ते त्याच विमानतळावर मुक्कामाला असते, त्याच्या मागे दिवसभराची शिल्लक बाकी नसते. उत्तर भारतातले डिसेंबर-जानेवारीतले धुके हा या नियमाला मोठा अपवाद. तिथे सकाळच जास्त धोक्याची.

मुंबईची रांग देशभर का पोहोचते?

मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी पूर्ण वापरता येत नाहीत, त्यामुळे व्यवहारात एकीवरच काम चालते. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमाने चढत-उतरत होती, म्हणजे साधारण दर ७८ सेकंदाला एक. अशा रांगेत मोकळी जागा उरत नाही. एका विमानाने धावपट्टी सोडायला अर्धा मिनिट जास्त घेतले, की मागच्याला पुन्हा वर जाऊन चक्कर मारावी लागू शकते. क्षमतेच्या काठावर चालणाऱ्या प्रत्येक रांगेचे हेच होते. वापर थोडा वाढतो आणि वाट पाहण्याचा वेळ कितीतरी पट वाढतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार मुंबईवर विमाने ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालत होती. विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळते असे धरले, तर ४० मिनिटांत १.७ किलोलीटर इंधन, सुमारे १ लाख ८० हजार रुपये, नुसते फिरण्यात जात होते. उपाय म्हणून गर्दीच्या तासांतली मर्यादा ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणली. विमाने कमी करून प्रवास सुधारतो हे ऐकायला उलटे वाटते. पण तासाला दोन विमाने कमी केल्याने दोन विमानांमधले अंतर चार सेकंदांनी वाढते आणि तेवढ्यानेही रांगेला श्वास घ्यायला जागा मिळते.

हीच गोष्ट उलट्या बाजूने १ जुलै २०१९ च्या रात्री दिसली होती. मुसळधार पावसात एक विमान उतरताना मुख्य धावपट्टीच्या पुढे गेले, ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि कमी क्षमतेच्या दुसरीवर काम चालवावे लागले. मुंबईला न जाणाऱ्या प्रवाशांचीही विमाने रद्द झाली, कारण त्यांचे विमान मुंबईतून यायचे होते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्याने या शहराला प्रथमच दुसरा पर्याय मिळाला आहे. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे, त्यामुळे तिथे नागरी विमानांना मिळणाऱ्या वेळा मुळातच बांधलेल्या असतात. तिथे एक वेळ हुकली की लगेच दुसरी मिळेलच असे नाही.

पण हवामानापुढे कंपनी काय करणार?

धुके कंपनी आणत नाही, हे खरेच. हवाई वाहतूक नियंत्रणाची संगणक यंत्रणा कोलमडली तर तोही कंपनीचा दोष नसतो. ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत हवाई वाहतूक नियंत्रकांपर्यंत उड्डाणांचे आराखडे पोहोचवणारी संदेशयंत्रणा बंद पडली, कर्मचाऱ्यांना ते काम हाताने करावे लागले आणि आठशेहून अधिक उड्डाणे रखडली.

मात्र धक्का कुणाचाही असो, तो किती दूर जाईल हे कंपनीच्या शिलकीवर ठरते. दोन फेऱ्यांमध्ये ३५ मिनिटे ठेवली की ५०, राखीव विमान आहे की नाही, राखीव वैमानिक किती, हे सगळे तिचे निर्णय. डिसेंबर २०२५ ची इंडिगोची घटना इथेच कळते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या उतरण्यांची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम बराच आधी जाहीर झाले होते. डीजीसीएच्या चौकशीत कर्मचारी आणि विमानांचा वापर शेवटच्या टोकापर्यंत ताणल्याचे आणि तयारी अपुरी असल्याचे आढळले. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. आदल्या वर्षभर त्याच कंपनीचा वक्तशीरपणा देशात वरच्या क्रमांकांत होता. वेळेवर चालणारे वेळापत्रक आणि धक्का सोसणारे वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मासिक टक्केवारी फक्त पहिली मोजते.

मग वेळापत्रकातच जास्त वेळ धरला तर?

धरतातच. मुंबई ते दिल्ली विमान हवेत साधारण पावणेदोन तास असते, पण तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास दिसतात. मधला वेळ गेटपासून धावपट्टीपर्यंत जाण्याचा, रांगेचा आणि थोडा उशीर पचवण्याचा. मागच्या हंगामाच्या नोंदी पाहून हा आकडा ठरवतात. दिशाही बघावी लागते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, म्हणून मुंबईहून कोलकाता लवकर येते आणि परतीला वेळ लागतो.

जास्त वेळ धरला की पोहोचण्याचा वक्तशीरपणा आपोआप सुधारतो, कामात काहीही सुधारणा न होता. वर्षानुवर्षांची तुलना करताना हे विसरले की फसगत होते. त्याची किंमतही आहे. दर फेरीला पंधरा मिनिटे वाढवली तर सहा फेऱ्यांत दीड तास जातो आणि दिवसातली एक छोटी फेरी कमी होते. लवकर पोहोचलेल्या विमानाला गेट मोकळे मिळेल याचीही खात्री नसते.

विमानाचा उशीर आणि माणसाचा उशीर

नागपूरचा एक प्रवासी मुंबईत विमान बदलून पुढे जाणार आहे. पहिले विमान वीस मिनिटे उशिरा आले, पुढचे सुटले, आणि त्यानंतरचे पाच तासांनी आहे. अहवालात एक विमान वीस मिनिटे उशिरा आणि दुसरे वेळेवर. माणसाला मात्र पाच तास उशीर. शिवाय ७८ आसनी एटीआर आणि १८० आसनी ए३२० यांना टक्केवारीत एकच मत असते. प्रवाशागणिक उशीर मोजायला तिकिटांची माहिती लागते आणि ती कंपन्यांकडेच असते. नियामकाने ती मागून निदान एकत्रित आकडे छापायला हवेत, असे मला मनापासून वाटते. विमानांचे सिग्नल टिपणारी संकेतस्थळे कंपनीचे आकडे ताडून पाहायला उपयोगी आहेत, पण तीही विमानच बघतात, माणूस नाही.

तिकीट काढताना आणि अडकल्यावर

निघण्याआधी आपले विमान आत्ता कुठे आहे ते पाहा. उड्डाण क्रमांक टाकला की विमान दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्याचा नोंदणी क्रमांक आणि आधीची फेरी बहुधा मिळते. ते अजून दिल्लीतच उभे असेल आणि पडद्यावर ‘वेळेवर’ लिहिले असेल, तर पडद्यावर विसंबू नका. विमान बदलायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पुढचे विमान हुकल्यास सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते.

डीजीसीएच्या नियमांत पुन्हा ब्लॉक टाइमच कामी येतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास आणि त्याहून मोठ्याला चार तास उशीर होणार असेल, तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला खाणे-पिणे मिळायला हवे. उशीर सहा तासांहून जास्त असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई आपल्याकडे नाही. ती ठरल्या मुदतीत न कळवता उड्डाण रद्द केल्यास मिळते, आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचे असल्यास तीही नाही. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि पुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांतली कमी असेल ती रक्कम.

युरोपातले नियम कडक आहेत. फ्रँकफर्टहून मुंबईला येणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला ते लागू होतात, मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. तीन तासांहून जास्त उशीर कंपनीच्या कारणाने झाला तर या अंतरासाठी ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. तिथल्या न्यायालयाने २०१४ मध्ये पोहोचण्याचा क्षणही ठरवून दिला आहे. विमानाचे किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरता येते तो. उशीर तीन तासांच्या आसपास असेल तर दार उघडल्याची वेळ फोनवर टिपून ठेवा, बोर्डिंग पास फेकू नका आणि उशिराचे कारण कंपनीकडून लेखी मागून घ्या.